मूल ‘नको’ म्हणतं तेव्हा : इंग्लंड-वेल्समधल्या एका लांबलेल्या सरकारी अभ्यासाचं प्रकरण

२०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयांच्या जगात काही आठवड्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २ ऑक्टोबरला ‘प्रॅक्टिस डायरेक्शन १२ जे’ची सुधारित आवृत्ती लागू झाली. घरगुती हिंसाचाराचा आरोप असेल तर मुलाच्या भेटीचा आदेश देण्याआधी न्यायाधीशाने काय काय तपासायचं, याची ही नियमावली. ती कडक करण्यामागे ‘विमेन्स एड’ या संस्थेचा २०१६ चा अहवाल होता. बारा कुटुंबांतली एकोणीस मुलं, सगळी हिंसक वडिलांच्या हातून मेलेली, आणि प्रत्येक ठिकाणी मुलांच्या भेटीगाठींचा संदर्भ. अर्थ स्पष्ट होता : आई ‘मला भीती वाटते’ म्हणत असेल तर ते आधी ऐका.

नोव्हेंबरमध्ये ‘कॅफकॅस’ने वेगळीच घोषणा केली. कॅफकॅस म्हणजे मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत न्यायालयाला अहवाल देणारी सरकारी यंत्रणा. तिचे कर्मचारी मुलाशी बोलतात, आई-वडिलांना भेटतात आणि मुलाने कुठे राहावं, कोणाला किती भेटावं याबद्दल शिफारस करतात. तिचे तेव्हाचे प्रमुख अँथनी डग्लस यांनी सांगितलं की एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचे कान भरण्याचे प्रकार लक्षणीय संख्येने दिसतात. त्यासाठी नवी कार्यपद्धती येणार होती. आधी पालकाला समुपदेशनाची संधी. तो बधला नाही तर मूल दुसऱ्या पालकाकडे. अगदी टोकाच्या प्रकरणात कान भरणाऱ्याची मुलाशी भेटच बंद. इथेही अर्थ स्पष्ट होता : आई ‘मूलच यायला तयार नाही’ म्हणत असेल तर तिच्याकडे संशयाने बघा.

दोन्ही सूचना एकाच न्यायालयासाठी, एकाच कर्मचाऱ्यांसाठी आणि बहुतेकदा एकाच फाइलसाठी. वडील म्हणतात, हिने मुलाला माझ्याविरुद्ध भडकवलं. आई म्हणते, त्याने मला मारलं ते मुलाने पाहिलंय. कोणती सूचना लावायची?

एका पालकाने मुलाला दुसऱ्यापासून तोडण्याला जगभर ‘पेरेंटल एलिनेशन’ म्हणतात, आणि त्याभोवतीचा हा पेच सोडवण्यासाठी इंग्लंड-वेल्सच्या सरकारी यंत्रणेने दोन दशकांहून अधिक काळ अहवाल मागवले, समित्या नेमल्या, कायदे बदलले. हा प्रवास मुद्दाम एक प्रकरण म्हणून मांडतो आहे, कारण माझ्या मते त्यात वेळ गेला तो उत्तर शोधण्यात नव्हे. उत्तर फार आधी हातात आलं होतं. वेळ गेला तो चुकीचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात.

२००० : उत्तर फाइलमध्येच होतं

‘पेरेंटल एलिनेशन सिंड्रोम’ हा शब्दप्रयोग अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली आणला. घटस्फोटाच्या भांडणात मूल एका पालकाचा विनाकारण द्वेष करू लागतं, हा त्यांच्या मते एक विकार होता, आणि त्याचं कारण म्हणजे दुसऱ्या पालकाने केलेलं ‘ब्रेनवॉशिंग’. गंभीर प्रकरणात त्यांचा उपायही ठरलेला : मूल त्या पालकाकडून काढून घ्या. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत या विकाराला कधीच जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत तो एका निर्देश-शब्दाच्या रूपाने काही काळ डोकावला आणि २०२० मध्ये काढून टाकला गेला.

इंग्लंडमध्ये हा शब्द नव्वदच्या दशकात न्यायालयांत शिरला. २००० साली अपील न्यायालयासमोर एकाच वेळी चार वडिलांची अपिलं आली. चौघांनाही मुलाची प्रत्यक्ष भेट नाकारलेली होती आणि चारही घरांत हिंसाचाराचा इतिहास होता. ऑफिशियल सॉलिसिटर या सरकारी अधिकाऱ्याने दोन बाल-मनोविकारतज्ज्ञांकडून, क्लेअर स्टर्ज आणि दान्या ग्लेसर यांच्याकडून, अहवाल मागवला. हे सिंड्रोम आम्ही मानत नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि कारण दिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. मुलाने पालकाला नाकारणं ही वागणूक आहे आणि तिची कारणं अनेक असू शकतात. सिंड्रोमची कल्पना मात्र कारण आधीच गृहीत धरते आणि त्या गृहीतकातून उपायही ठरवून टाकते.

न्यायालयाने अहवाल स्वीकारला, चारही अपिलं फेटाळली. खरं तर विषय तिथे मिटायला हवा होता.

त्रेचाळीस तारखा

तो मिटला नाही, कारण सिंड्रोम खोटं ठरलं तरी ज्यांची मुलं तुटली त्या पालकांचं दुःख खोटं ठरत नव्हतं. हे समजायला न्यायमूर्ती मन्बी यांचा २००४ चा एक निकाल पाहावा लागतो. ११ नोव्हेंबर २००३ रोजी एक बाप त्यांच्या न्यायदालनातून रडत बाहेर पडला. सात वर्षांच्या मुलीच्या भेटीसाठी पाच वर्षांहून अधिक काळ लढून त्याने हार मानली होती. या काळात ४३ सुनावण्या झाल्या होत्या, त्याही १६ वेगवेगळ्या न्यायाधीशांसमोर. आपल्याकडची ‘तारीख पे तारीख’ ज्याने अनुभवली आहे त्याला हे आकडे समजावून सांगायला नकोत.

मन्बींनी हा निकाल मुलीची ओळख झाकून जाहीर केला, आणि त्यात आईइतकंच न्यायव्यवस्थेलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आईचे आरोप निराधार होते. पण ते निराधार आहेत की नाही याचा छडा वेळेत कोणी लावला नाही. आदेश मोडले गेले, आणि मोडले गेल्यावर काही घडलं नाही. दर वेळी नवा न्यायाधीश, दर वेळी पहिल्यापासून वाचन. तोवर मुलगी मोठी होत गेली आणि वडील तिच्यासाठी परके होत गेले.

या निकालात सिंड्रोमची गरज कुठेच पडत नाही. आईने खोटे आरोप केले का, आदेश मोडले का, हे साक्षीपुराव्याने ठरवायचे साधे प्रश्न होते. ते वेळेत ठरवले असते तर त्या बापाची लढाई पाच वर्षं चालली नसती. मला हा निकाल साऱ्या विषयाची किल्ली वाटतो, कारण यातला पीडित वडील आहे आणि तरीही औषध तेच निघतं जे हिंसेने पोळलेल्या आयांना हवं असतं : आरोप खरा की खोटा, ते लवकर ठरवा.

सरकारने यातून उचललं ते मात्र दुसरंच. ते वर्ष ‘फादर्स फॉर जस्टिस’ या बापांच्या संघटनेचं होतं. मे २००४ मध्ये संसदेत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यावर जांभळ्या पिठाचे फुगे फेकले गेले. सप्टेंबरमध्ये बॅटमनच्या वेशातला एक बाप बकिंगहॅम राजवाड्याच्या कठड्यावर चढून बसला. चर्चा मुलांकडून सरकली ती बाप विरुद्ध आई यावर, आणि कायदेही त्याच अंगाने आले. २००६ च्या कायद्याने भेटीचा आदेश मोडणाऱ्याला बिनपगारी सेवेची शिक्षा देण्याची सोय केली. २०११ मध्ये डेव्हिड नॉरग्रोव्ह यांच्या समितीने स्पष्ट सांगितलं की मुलाच्या आयुष्यात दोन्ही पालकांचा सहभाग हवा असं गृहीतक कायद्यात घालू नका. सरकारने स्वतःच नेमलेल्या समितीचा हा सल्ला बाजूला ठेवून २०१४ मध्ये नेमकं तेच गृहीतक १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये घातलं. अहवाल मागवायचे आणि मग मोर्चाचा आवाज ऐकून कायदा करायचा, ही सवय इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून दिली की आपल्याकडून नेली, कोण जाणे.

कार्डिफचा अहवाल

२०१७ च्या पेचाकडे परत येऊ. वेल्समध्ये हेच काम करणारी वेगळी सरकारी यंत्रणा आहे, ‘कॅफकॅस कमरी’. पेरेंटल एलिनेशनला अधिकृत मान्यता द्या, अशी मागणी तिथल्या विधानसभेकडेही झाली होती. कॅफकॅस कमरीने घोषणा करण्याऐवजी कार्डिफ विद्यापीठाकडे काम सोपवलं : या विषयावर जगात जे संशोधन आणि जे निकाल आहेत, ते वाचून काय कळतं ते सांगा. ज्युली डाउटी, नीना मॅक्सवेल आणि टॉम स्लेटर यांचा अहवाल २०१८ मध्ये आला.

त्यांना आढळलेलं चित्र फार उत्साहवर्धक नव्हतं. सर्वमान्य व्याख्याच नाही. भक्कम अनुभवजन्य पुरावा तुटपुंजा. बराचसा मजकूर अशा लोकांनी लिहिलेला, ज्यांचा व्यवसायच न्यायालयात या विषयावर तज्ज्ञ म्हणून उभं राहण्याचा. आणि ब्रिटनमध्ये हे किती घरांत घडतं याचा विश्वासार्ह आकडा हाती नाही.

वेल्सच्या यंत्रणेने पुढे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. २०१९ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि तिच्या शीर्षकातून ‘एलिनेशन’ हा शब्दच वगळला. शीर्षक होतं मुलाच्या विरोधाबद्दल किंवा नकाराबद्दल. निष्कर्षाचं नाव काढून टाकलं आणि जे डोळ्यांना दिसतं त्याचं ठेवलं. स्टर्ज-ग्लेसर यांच्या म्हणण्याला एखाद्या सरकारी यंत्रणेने रोजच्या कामात आणलं, ते असं, एकोणीस वर्षांनी.

बाराशे पत्रं

मे २०१९ मध्ये लंडनच्या न्याय मंत्रालयाने एक समिती जाहीर केली. ताब्याच्या दाव्यांत मुलं आणि पालक यांना होणाऱ्या इजेचा धोका न्यायालयं कशी ओळखतात, हा तिचा विषय. तीन महिन्यांत काम संपवायचं ठरलं होतं, अहवाल आला जून २०२० मध्ये. समितीत न्यायाधीश होते, अधिकारी होते, सामाजिक संस्था होत्या आणि रोझमेरी हंटर, मँडी बर्टन, लिझ ट्रिंडर या अभ्यासक होत्या. लोकांना अनुभव पाठवण्याचं आवाहन केलं गेलं. बाराशेहून अधिक निवेदनं आली.

पेरेंटल एलिनेशन हा या समितीचा मुख्य विषय नव्हता. पण निवेदनांमधून तो सतत वर येत राहिला. बायकांनी लिहिलं होतं की आमच्या वकिलांनीच आम्हाला सांगितलं, हिंसाचाराचं काढू नका, नाहीतर कोर्टाला वाटेल तुम्हीच मुलाला तोडताय. म्हणजे आरोप करण्याआधीच त्याच्यावरचा प्रतिआरोप तयार असायचा, आणि त्याच्या भीतीने मूळ गोष्ट न्यायालयापर्यंत पोचतच नव्हती. घरगुती हिंसाचाराचे आरोप किंवा निष्कर्ष अशा दाव्यांच्या किती प्रमाणात असतात, याचे आधीच्या अभ्यासांतले आकडे समितीने एकत्र केले : ४९ ते ६२ टक्के. तेव्हा हा काही कडेचा प्रश्न नव्हता.

न्यायालयं चुकतात कुठे, याची समितीने चार कारणं दिली. पैसा आणि माणसं अपुरी. काहीही करून भेट घडवूच, अशी घडत गेलेली मानसिकता. फौजदारी न्यायालय, बालसंरक्षण विभाग आणि कौटुंबिक न्यायालय यांनी आपापल्या कप्प्यात काम करणं. आणि आई-वडिलांना एकमेकांसमोर कुस्तीला उभी करणारी पद्धत.

वडिलांच्या संघटनांनी आक्षेप घेतला की निवेदनं आपणहून पाठवलेली होती, त्यात बायकांची संख्या मोठी होती, मग हा प्रातिनिधिक अभ्यास कसा? आक्षेपात तथ्य आहे. आवाहनाला उत्तर देतो तो दुखावलेला माणूस. ज्याचं प्रकरण नीट निकाली निघालं तो कशाला पत्र लिहील? अशा पुराव्यातून किती टक्के घरांत काय घडतं, हे काढता येत नाही. यंत्रणा कुठे आणि कशी मोडते, ते मात्र काढता येतं, आणि समितीने तेवढंच काढलं.

टक्केवारीचा मोह धरला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या न्याय खात्याच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस’च्या अनुदानातून जोन मायर आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले ऑनलाइन उपलब्ध असलेले चार हजारांवर निकाल तपासले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले : वडिलांनी एलिनेशनचा प्रतिआरोप केला की आईच्या आरोपावर न्यायालयाचा विश्वास बसण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. २०२१ मध्ये जेनिफर हार्मन आणि डेमॉस्थेनीज लोरँडोस यांनी अपील न्यायालयांचे निकाल घेऊन सांगितलं की आम्हाला असं काही दिसत नाही, उलट त्या अभ्यासाच्या पद्धतीतच किमान तीस त्रुटी आहेत. मायर यांनी त्यालाही उत्तर दिलं. दोन्ही बाजू छापील निकाल मोजत होत्या, आणि ताब्याचे बहुतेक दावे तर छापील निकालापर्यंत जातच नाहीत, मध्येच तडजोडीत संपतात. ज्या निकालाने आरोप खरा की खोटा हे नीट तपासलंच नाही, असे हजार निकाल मोजले तरी खरं काय ते कळत नाही.

इकडे लंडनमध्ये २०२१ च्या सुरुवातीला घरगुती हिंसाचाराचं नवं विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये होतं. बॅरोनेस मेयर यांनी सुचवलं की पेरेंटल एलिनेशन हाही हिंसाचाराचाच प्रकार म्हणून व्याख्येत घाला. त्यांची स्वतःची दोन मुलं १९९४ मध्ये वडिलांनी जर्मनीत ठेवून घेतली होती आणि त्या लढ्यातूनच त्या सार्वजनिक जीवनात आल्या. त्यांच्या म्हणण्याला अनुभवाचं वजन होतं. सरकारने दुरुस्ती मान्य केली नाही. कायदा आला त्यात मूल स्वतःच हिंसाचाराचं बळी मानलं गेलं, फक्त साक्षीदार नव्हे. एलिनेशनला स्वतंत्र जागा मिळाली नाही.

मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणायचं?

मग २०२३ चा निकाल. कायदेवर्तुळात तो ‘रे सी’ म्हणून ओळखला जातो. २१ फेब्रुवारीला उच्च न्यायालयाच्या कौटुंबिक विभागाचे तेव्हाचे अध्यक्ष सर अँड्र्यू मॅकफार्लन यांनी तो दिला. एका आईची मुलं न्यायालयाने वडिलांकडे सोपवली होती, आणि त्यामागे एका तज्ज्ञाचा अहवाल होता : आईने मुलांना वडिलांपासून तोडलं आहे. आईचं म्हणणं, ही तज्ज्ञ या कामाला पात्रच नव्हती, तेव्हा सगळं पुन्हा उघडा.

इथे एक तपशील समजून घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ अशा काही पदव्या कायद्याने राखीव आहेत. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे २००९ पासून त्यांची नोंदणी होते आणि नोंदणीशिवाय त्या लावल्या तर गुन्हा होतो. नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र मोकळा आहे, कोणीही नावापुढे लावावा. म्हणजे ज्याच्या अहवालावर मुलाचं घर बदलतं, त्या माणसाने चूक केली तर तक्रार नेमकी कोणाकडे करायची, याचं उत्तर नसू शकतं.

आईचं अपील फेटाळलं गेलं. शब्द मोकळा ठेवायचा की राखीव करायचा, हे संसदेचं काम, असं न्यायालयाने म्हटलं. पण जाता जाता मॅकफार्लन यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेचं एक म्हणणं उचलून धरलं, आणि निकाल लक्षात राहिला तो त्यासाठी. पालकाने मुलाला तोडलं की नाही, हा हिंसाचाराच्या आरोपासारखाच घटनेचा प्रश्न आहे आणि तो न्यायालयाने पुरावा घेऊन सोडवायचा. मानसशास्त्रज्ञाने रोगनिदान करावं असा तो प्रश्नच नाही. लेबल बाजूला ठेवा, वागणूक तपासा.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी रीम अलसालेम यांनी मानवाधिकार परिषदेला दिलेल्या अहवालात सरळ मागणी केली की कौटुंबिक न्यायालयांत ही संकल्पना वापरायला बंदीच घाला. मला ही मागणी पटत नाही. शब्दावर बंदी घातली की लोक दुसरा शब्द शोधतात, आणि मन्बींच्या न्यायदालनातून रडत गेलेल्या बापाला त्यातून काही मिळत नाही.

तीन पायऱ्या

डिसेंबर २०२४ मध्ये फॅमिली जस्टिस कौन्सिलची मार्गदर्शिका आली. न्यायाधीश, वकील, समाजसेवक, मानसतज्ज्ञ असलेलं हे सल्लागार मंडळ, अध्यक्ष तेव्हा मॅकफार्लनच. सिंड्रोमला पुराव्याचा आधार नाही आणि तो घातक छद्मविज्ञान मानला जातो, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पण कान भरण्याची वागणूक असते, हेही मान्य केलं आहे. ती सिद्ध झाली असं म्हणायला न्यायालयाला तीन गोष्टी दिसायला हव्यात. एक, मूल खरोखर पालकाला नाकारतंय, टाळतंय किंवा कचरतंय. दोन, त्या नकाराला त्या पालकाची स्वतःची वागणूक किंवा मुलाचा नैसर्गिक कल, ओढ, लळा असं दुसरं कारण नाही. तीन, दुसऱ्या पालकाने असं काही केलं आहे ज्याचा मुलावर परिणाम होऊन हा नकार आला. तिन्ही हव्यात. तिसरी पायरी सिद्ध झाली आणि दुसरी निसटली, तर नाही.

समजा, स्लाउमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब. आई-वडील वेगळे झालेत, दहा वर्षांचा मुलगा आईकडे, सोबत इकडून गेलेली आजी. शुक्रवारी संध्याकाळी वडील दारात येतात आणि मुलगा बाथरूमची कडी लावून बसतो. पहिली पायरी इथेच पूर्ण होते, त्यात वाद नाही. वडिलांच्या वकिलाकडे आजीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचे स्क्रीनशॉट आहेत : ‘तुझ्या बापाला तुझी काही पडलेली नाही.’ जुन्या पद्धतीत गाडी इथून थेट निष्कर्षाला गेली असती. नव्या पद्धतीत न्यायाधीशाला मध्ये थांबावं लागतं. मुलगा दर शुक्रवारी क्रिकेटच्या सरावाला जायचा आणि भेटीमुळे तो बुडतो, असं आहे का? बाळपणापासून आजीच्या कुशीत झोपलेलं पोर दोन रात्री तिच्याशिवाय राहायला घाबरतं का? की तीन वर्षांपूर्वी एका रात्री स्वयंपाकघरात त्याने काही पाहिलं, ज्याबद्दल शाळेतल्या शिक्षिकेजवळ तो एकदा बोलला होता आणि ती नोंद शाळेच्या दप्तरात पडून आहे? हे शेवटचं खरं निघालं तर नकार रास्त ठरतो, आणि आईने दार न उघडणं हे संरक्षण ठरतं. आजीचा मेसेज वाईटच, पण नकाराचं कारण तो नाही. आणि यातलं काहीच नसेल, मुलगा दोन महिन्यांपूर्वीपर्यंत बाबांच्या गळ्यात पडत असेल आणि घरातल्या रोजच्या बोलण्यानंतरच फिरला असेल, तर न्यायालयाने कचरू नये.

असे निष्कर्ष तुलनेने क्वचितच निघतील, असं मार्गदर्शिका म्हणते. तज्ज्ञ बोलावायचा तर तो नोंदणीकृत हवा, आणि ‘एलिनेशन झालंय का’ हा प्रश्न त्याला विचारायचा नाही.

कागदावर हे उत्तम आहे. पण दुसरी पायरी तपासायला सुनावणी लागते, सुनावणीला न्यायाधीश लागतो, आणि इंग्लंड-वेल्समध्ये मुलांच्या ताब्याचे दरवर्षी साधारण पन्नास हजार नवे दावे येतात. अलीकडच्या वर्षांत एक दावा संपायला सरासरी चाळीसहून अधिक आठवडे लागत आले आहेत. दहा वर्षांच्या मुलासाठी हा शाळेच्या एका वर्गाचा काळ. या काळात भेट बंद ठेवली तर खोट्या आरोपाला आपोआप फळ मिळतं, चालू ठेवली तर खऱ्या आरोपाचं मूल धोक्यात. फेब्रुवारी २०२२ पासून डॉर्सेट आणि उत्तर वेल्समध्ये ‘पाथफाइंडर’ नावाचा प्रयोग सुरू झाला : आधी मुलाला भेटा, त्याच्यावर काय परिणाम झालाय त्याचा अहवाल सुरुवातीलाच तयार करा, मग आई-वडिलांना उभं करा. तीन पायऱ्यांची मार्गदर्शिका चालायची असेल तर ती अशाच रचनेत चालेल असं मला वाटतं. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०१४ मध्ये घातलेलं ते गृहीतक कायद्यातून काढणार. नॉरग्रोव्ह समितीने नको म्हटलेली गोष्ट घालून, वापरून आणि परत काढायला निघेपर्यंत चौदा वर्षं गेली.

आपल्याकडे

२०१७ च्याच फेब्रुवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग’ या खटल्यात पेरेंटल एलिनेशन सिंड्रोमची चर्चा केली. न्या. सिक्री आणि न्या. सप्रे यांचं खंडपीठ. मुलगी वडिलांकडे वाढलेली, आईकडे जायला नाखूश, आणि न्यायालयाने तिला वर्षभरासाठी आईकडे देऊन पाहायचं ठरवलं. म्हणजे इथे हा शब्द आईच्या बाजूने उभा राहिला. आपल्या निकालांत तो अजून ‘सिंड्रोम’ या शेपटीसकट फिरतो. विधी आयोगाच्या मे २०१५ च्या २५७ व्या अहवालाने संयुक्त ताब्याची शिफारस केली होती, तिचा कायदा झाला नाही.

इंग्लंडची मार्गदर्शिका इथे बंधनकारक नाही, पण वकिलाने युक्तिवादात मांडायला कोणाची हरकत नसावी. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्टचं कलम १७ समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेऊ देतं. ती पसंती कुठून आली हे तपासायची पद्धत मात्र सांगत नाही, आणि ती पोकळी या तीन पायऱ्या भरून काढू शकतात. मानसशास्त्रज्ञाचा प्रश्नही तोच : क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, पण समुपदेशकाची पाटी कोणीही लावतो आणि त्याचं पत्र ताब्याच्या अर्जाला जोडलेलं दिसतं. ते पत्र देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक उलटतपासणीत पहिल्यांदा विचारावा.

कप्प्यांचा प्रश्न आपल्याकडे अधिकच बिकट. बाईचा घरगुती हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांसमोर, ४९८-अ खाली (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली) दाखल झालेला छळाचा गुन्हा फौजदारी न्यायालयात, आणि मुलाच्या ताब्याचा अर्ज वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात. तिन्हीकडे त्याच रात्रीची गोष्ट, तीन वेगळ्या साक्षी, तीन वेगळे वेग. ताब्याचा निर्णय करणाऱ्या न्यायाधीशासमोर ती रात्र बऱ्याचदा सिद्ध किंवा असिद्ध अशी येतच नाही, नुसता आरोप म्हणून येते, आणि मग ‘दोघांचंही भांडण आहे’ या वाक्यात विरघळते. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे त्या कायद्याखालची मदत कौटुंबिक न्यायालयातही मागता येते. मूल भेटीला नकार देतंय अशा प्रकरणात हे कलम वापरून दोन्ही अर्ज एकाच न्यायाधीशापुढे आणले, तर हिंसाचाराची साक्ष आणि कान भरल्याचा पुरावा एकाच टेबलावर येतो, आणि दुसऱ्या पायरीचं उत्तर देणं निदान शक्य होतं.